मदत हवी आहे : कॉर्नियातलं (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यातलं) केराटन सल्फेट (साखरेच्या घटकांची लांब साखळी) मोजायचं कसं?

नमस्कार मंडळी, मी एमएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रत्यारोपणानंतर उरलेल्या कॉर्नियाच्या कडा नेत्रपेढीकडून रीतसर परवानगीने मिळाल्यात. अंगठीएवढी कड, तिला स्क्लेरा, म्हणजे डोळ्याचा पांढरा भाग, चिकटलेला. तो कापून टाकते. कुणीतरी दान केलेला डोळा आहे, एकही तुकडा वाया घालवायला मन धजत नाही.

अशा साखळ्या मोजायची कार्बाझोल चाचणी त्यांच्यातलं युरॉनिक आम्ल (साखरेपासून बनलेलं आम्ल) पकडते. केराटन सल्फेटमध्ये त्याच्या जागी गॅलॅक्टोज ही साखर असते, म्हणून ती इथे उपयोगाची नाही. त्यामुळे पपेन या प्रथिनं तोडणाऱ्या विकराने (एन्झाइमने) ऊतक विरघळवून, काँड्रॉइटिनेज एबीसी या दुसऱ्या विकराने काँड्रॉइटिन आणि डर्मटन सल्फेट या तशाच इतर साखळ्या काढून, उरलेलं डीएमएमबी या सल्फेटवाल्या साखळ्यांना चिकटणाऱ्या रंगाने मोजतेय. पण रीडिंग फारच कमी येतं. तुलनेसाठी घेतलेलं माझं स्टँडर्ड (ठरावीक प्रमाणाचा नमुना) काँड्रॉइटिन सल्फेटचं आहे, त्यामुळेच का? केराटनेज (केराटन सल्फेट तोडणारं विकर) वापरलेलं कुणी आहे का इथे? बफर आणि वेळ सांगा, प्लीज. आता दोनच कडा उरल्यात.