तळमजल्याचा हॉल आणि समोरचं आवार : काच नेमकी कुठे यावी?

नीता : नव्या आराखड्यात हॉलची काच थेट आवाराच्या कडेला आणली आहे. काच लावली की आत-बाहेर एक होतं असं म्हणतात, पण दिवसा ते खरं ठरत नाही. साधी एकपदरी काच समोरून येणारा सुमारे ८% उजेड परत फेकते. बाहेर सावलीतही १०,००० लक्स (उजेड मोजायचं एकक) असतात, आत जेमतेम ३००. त्यामुळे बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही, आवाराचंच प्रतिबिंब दिसतं. रात्री उलट. आतली माणसं उघड्यावर बसल्यासारखी दिसतात, मग पडदे येतात आणि ते दिवसाही तसेच राहतात.

अभिजित : काचेवर टिंट फिल्म, म्हणजे गडद पापुद्रा, लावली तर?

नीता : आणखी बिघडेल. आतून येणारा उजेडही तीच फिल्म अडवते. काच ३ मीटर मागे घ्या आणि पुढे छपराची ओसरी ठेवा. आतली समोरची भिंत फिक्या रंगाची, वरून उजळलेली हवी. शिवाय काच सरकवून निम्म्याहून जास्त उघडता यायला हवी. उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधार पचवायलाही ओसरीत थोडा वेळ मिळतो.

देशमुख काका : ३ मीटर म्हणजे हॉलची तेवढी जागा गेली ना?

समीर : काका, ती सगळ्यात जास्त वापरली जाणारी जागा ठरते. इटलीतल्या बोलोन्या शहरात १२८८ च्या नियमाने नव्या घरांना रस्त्याच्या बाजूला छपरी वाट बांधणं सक्तीचं केलं. जमीन मालकाची, चालायचा हक्क सगळ्यांचा. आज तिथे अशा ६२ किमी वाटा आहेत. नोल्ली या नकाशाकाराच्या १७४८ च्या रोमच्या नकाशात तर चर्चचा आतला भाग रस्त्यासारखाच पांढरा सोडलाय. लोक जिथे सहज जाऊ शकतात ते सार्वजनिक, डोक्यावर छत असो वा नसो.

विद्याताई : हे सगळं एका उंबऱ्यावर फसतं. ओसरीत वॉटरप्रूफिंग, त्यावर उताराचा थर, मग फरशी, मिळून दाराशी सव्वाशे मिमी होतात. आत ५० मिमीत काम होतं. दोन्हीकडे स्लॅब एकाच पातळीत ओतला तर ओसरी हॉलपेक्षा उंच होते आणि पाणी अडवायला कंत्राटदार दारात कट्टा घालतो. व्हीलचेअर तिथेच थांबली. म्हणून बाहेरचा स्लॅब ७५ मिमी खाली घ्यायचा, आणि ते सेंटरिंग (स्लॅब ओतायचा साचा) लावतानाच ठरवायचं. नंतर उपाय नाही. उतार १:६०, बाहेरच्या दिशेने, म्हणजे ३ मीटरला ५० मिमी. दाराबाहेर लगेच जाळीची पन्हळ, फटी १२ मिमीपेक्षा मोठ्या नकोत आणि चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात, नाहीतर काठी अडकते.

अभिजित : फरशी आत-बाहेर एकच ठेवायची ना?

विद्याताई : दगड एकच, घासाई वेगळी. पॉलिश ग्रॅनाइट ओला झाला की माणूस घसरतोच, बाहेर फ्लेम फिनिश, म्हणजे ज्वाळेने खरखरीत केलेला, घ्या. दाराच्या रेषेत १० मिमीचा सांधा सोडून त्यात पॉलिसल्फाइड (रबरासारखं लवचिक सीलंट) भरा. उन्हात बाहेरची फरशी फुगते, सांधा नसेल तर बरोबर दारातच तडकते.

देशमुख काका : छपराची उंची किती धरू? पाऊस आत नको.

नीता : २.७ मीटर. ओसरी ३ मीटर खोल आहे, त्यामुळे ४५ अंशांत येणारी सरही काचेपर्यंत पोचत नाही. भिंतीलगत ४५ सेंमी उंच, ४० रुंद बसायचा कट्टा बांधा, पुढे चालायला २.६ मीटर उरतात. काचेवर १ आणि दीड मीटर उंचीवर ठळक पट्ट्या विसरू नका.