मदत हवी आहे: संस्थेसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? (आठ दिवसांत ठरवायचंय)

पाटीपेन्सिल (धागाकर्ती) | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार. थेट मुद्द्यावर येते. एका देणगीदाराने आमच्या संस्थेला खास 'तंत्रज्ञानासाठी' म्हणून निधी दिलाय. पुढच्या मंगळवारी विश्वस्तांची बैठक आहे, तोवर काय घ्यायचं ते लिहून द्यायचंय. तीन कंपन्यांची प्रात्यक्षिकं पाहून झाली. तिन्हींकडे डॅशबोर्ड, नकाशे, रंगीत आलेख सगळं आहे आणि तिन्ही म्हणतात, "मॅडम, सगळं होईल." मला यातलं फार कळत नाही. आमची माहिती इतकी विखुरलेली आहे की वार्षिक अहवालाच्या वेळी दोन आठवडे दुसरं कामच होत नाही. चांगलं सॉफ्टवेअर सुचवा. शक्यतो ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनीच सांगा.

दुर्बीण | सोमवार, रात्री ११.०५

संस्था काय काम करते? किती जण वापरणार? कार्यालयात बसून की बाहेर फिरून? यातलं काहीच लिहिलेलं नाही. चांगलं म्हणजे कशासाठी चांगलं?

रिकामा_रकाना | सोमवार, रात्री ११.२०

डोळे झाकून सिव्हीसीआरएम घ्या. २००५ पासून आहे, मुक्त स्रोत आहे (म्हणजे परवान्याचे पैसे नाहीत, हवं तसं बदलता येतं), खास संस्थांसाठीच बनवलंय. देणगीदार, सभासद, कार्यक्रम, पावत्या सगळं एका जागी. वर्डप्रेस किंवा ड्रुपल या वेबसाइट बनवायच्या साधनांवर चालतं. आमच्याकडे सहा वर्षं आहे. देणगीदारांची यादी आता कुणाच्या वहीत अडकून पडत नाही.

तक्ताप्रेमी | मंगळवार, सकाळी ७.५०

एवढा खटाटोप कशाला? लिबरऑफिस किंवा एक्सेलचा एक नीट आखलेला तक्ता ९० टक्के संस्थांना पुरतो. आधी रकाने ठरवा, नावं लिहायची एकच पद्धत ठेवा, तारखा एकाच स्वरूपात टाका. लोकांना साधा तक्ता शिस्तीत भरता येत नाही आणि सॉफ्टवेअर हवं असतं.

रिकामा_रकाना | मंगळवार, सकाळी ८.१५

तक्ताप्रेमी, तक्त्याच्या भरवशावर काय होतं ते ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये दिसलं. कोरोनाचे जवळपास १६ हजार रुग्ण मोजणीतून गळले, कारण माहिती जुन्या एक्सेल स्वरूपात उतरवली जात होती आणि त्यात ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. पुढच्या ओळी गेल्या आणि बरेच दिवस कुणाला पत्ता लागला नाही.

तक्ताप्रेमी | मंगळवार, सकाळी ८.३०

ते जुनं .एक्सएलएस स्वरूप. २००७ पासून एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. आणि यांची संस्था म्हणजे एका देशाचं आरोग्यखातं नव्हे. सिव्हीसीआरएम फुकट असलं तरी सर्व्हर कोण सांभाळणार, अद्यतनं कोण करणार? तुमच्याकडे जाणकार माणूस असेल. प्रत्येकाकडे नसतो.

उंबरठा | मंगळवार, सकाळी ९.१०

माझा भाचा ॲप बनवतो. अगदी तुम्हाला हवं तसं करून देईल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का?

पाटीपेन्सिल | मंगळवार, दुपारी १.२५

मी नाव विचारलं आणि सगळे मलाच प्रश्न विचारताय! असो. आम्ही मुलांची संध्याकाळची अभ्यासकेंद्रं चालवतो. ३१ केंद्रं, साधारण सातशे मुलं. प्रत्येक केंद्रावर एक ताई. वापरणार त्याच आणि कार्यालयातले आम्ही चौघं. देणगीदारांचा हिशेब आधीच नीट आहे, ती अडचण नाही. आता सांगा कोणतं घेऊ.

दुर्बीण | मंगळवार, दुपारी १.५०

उंबरठा, भाच्याचा अनादर नाही, पण एकाच माणसाने बांधलेलं ॲप त्याला नोकरी लागली की अनाथ होतं. मी दोन संस्थांमध्ये हे जवळून पाहिलंय. दुसऱ्या ठिकाणी तर पासवर्ड मिळवण्यातच एक महिना गेला.

पाटीपेन्सिल, आणखी एकच विचारते. गेल्या वर्षभरात असा एखादा निर्णय आठवतो का, जो माहिती उशिरा हाती आल्यामुळे चुकला किंवा राहून गेला? अहवालाचं सोडा. एखाद्या मुलाच्या बाबतीतला.

सातवा_मजला | मंगळवार, संध्याकाळी ५.००

आजकाल एआय चॅटबॉट लावतात, मुलांच्या शंकांना रात्रीसुद्धा उत्तरं मिळतात. शिवाय तुमची वेबसाइट मोबाईलवर नीट दिसते का? समाजमाध्यमांवर रोज एक पोस्ट गेली पाहिजे. देणगी आपोआप वाढते. आमच्या मंडळाने हे केलं.

कोरी_वही | मंगळवार, संध्याकाळी ६.३०

बावीस वर्षं संस्थेत काढली. हजेरीवही हे सगळ्यात भरवशाचं साधन आहे. तिला चार्जिंग लागत नाही, रेंज लागत नाही, ती हँग होत नाही. ताईंच्या हातातून वही काढून घेऊ नका एवढंच सांगते.

पाटीपेन्सिल | बुधवार, रात्री ११.५५

दुर्बीण, तुमचा प्रश्न वाचला तेव्हा आधी चिडले होते. काल दिवसभर डोक्यात होता. आज जुने फोटो काढून बसले, म्हणून उशीर.

आमच्या ताई शुक्रवारी हजेरीवहीच्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतात. एका हातात वही, दुसऱ्या हातात फोन. वही मिटू नये म्हणून खालच्या कोपऱ्यावर अंगठा. एका केंद्राच्या पानावर सगळ्यात खाली एका मुलीचं नाव आहे. ती नंतर आली म्हणून तळाशी. आज मी त्या केंद्राचे सलग सात आठवड्यांचे फोटो पाहिले आणि सातही फोटोंत ते नाव अंगठ्याखाली आहे. नखाच्या वर नावाचं पहिलं अक्षर तेवढं दिसतं. आम्ही फोटोवरून तक्ता भरतो. ती ओळ आमच्याकडे कोरी राहिली आणि कोरी ओळ म्हणजे हजर, असं आमच्याकडे धरतात, कारण वहीत खूण फक्त गैरहजेरीची असते.

मुलगी सात आठवडे आलेलीच नव्हती. ताईंना माहीत होतं. त्यांना वाटलं कार्यालयाला फोटो गेलाय म्हणजे कळलंय. आम्हाला कळलं तेव्हा घरचे दुसरीकडे राहायला गेले होते. फोन लागला नाही, अजूनही लागत नाही.

तिन्ही कंपन्यांना मी हे सांगितलंच नव्हतं. मी अहवाल, आलेख असंच बोलत राहिले.

दुर्बीण | गुरुवार, सकाळी ६.४०

वाचून गलबलून आलं. इतकं स्पष्ट लिहिलंत त्याबद्दल आभार.

आता तुमची गरज एका ओळीत मावते: कोणतंही मूल सलग दोन आठवडे आलं नाही तर सोमवारी सकाळी कार्यालयात कुणाला तरी ते कळलं पाहिजे आणि त्याने फोन केला पाहिजे. बाकी आलेख, नकाशे हवे तर पुढच्या वर्षी. जे साधन हे करत नाही ते घेऊ नका, कितीही देखणं असलं तरी.

यासाठी ओडीके किंवा कोबोटूलबॉक्स पाहा. ओडीके २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी सुरू केलं, कोबो त्याच पायावर उभं आहे. जिथे रेंज नसते तिथे माहिती गोळा करण्यासाठीच ही साधनं आहेत. फॉर्म फोनमध्येच भरून राहतो, नेट मिळालं की जातो. साधा अँड्रॉइड फोन चालतो. फॉर्म चक्क तक्त्यात लिहायचा असतो (तक्ताप्रेमींना आवडेल), एक ओळ म्हणजे एक प्रश्न. केंद्र निवडलं की त्याच केंद्रातल्या मुलांची नावं दिसतील असं करता येतं.

ताईंना शुक्रवारी तीनच गोष्टी विचारा: केंद्र कोणतं, या आठवड्यात एकदाही न आलेली मुलं कोणती, कारण माहीत असेल तर काय. सगळे आले असतील तर 'सगळे आले' असं स्पष्ट निवडायला लावा. तुमच्याकडे कोऱ्या जागेनेच घात केला, म्हणून फॉर्म आलाच नाही तर त्याचा अर्थ 'माहीत नाही' असा धरा आणि त्या ताईंना फोन करा.

कोरी_वही | गुरुवार, सकाळी ८.०५

हे मला पटतंय. वही राहू द्या, वहीवरून शुक्रवारी तीन प्रश्न. रोजची हजेरी फोनवर भरायला लावलीत तर ताई मुलांकडे बघायच्या की फोनकडे?

तक्ताप्रेमी | गुरुवार, सकाळी ८.४०

+१. एक भर घालतो. प्रत्येक मुलाला क्रमांक द्या, नावावर विसंबू नका. एकच नाव तीन जण तीन तऱ्हेने लिहितात. युनिकोडमध्ये (संगणकावर सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची सामाईक पद्धत) तर 'ॲ' हे अक्षर स्वतंत्रपणे २००८ मध्ये आलं. त्याआधी आणि अजूनही बरेच जण 'अ' ला वरून चंद्र जोडून लिहितात. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. शोध घेतला की अर्धी नावं सापडतच नाहीत.

रिकामा_रकाना | गुरुवार, सकाळी ९.००

अवांतर: हा घोळ मला आमच्या देणगीदारांच्या यादीत दोन वर्षं छळत होता आणि कारण आज कळलं! जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणलेल्या माहितीचं काय करता?

तक्ताप्रेमी | गुरुवार, सकाळी ९.१०

परिवर्तक मिळतात, पण जोडाक्षरं हाताने तपासावी लागतात. रफार हमखास चुकतो. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

निळी_शाई | गुरुवार, दुपारी १२.३०

सगळे फॉर्मबद्दल बोलताय, पण ही लहान मुलांची माहिती आहे. जानेवारी २०२२ मध्ये रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या सर्व्हरवर हल्ला झाला. ५ लाख १५ हजारांहून अधिक लोकांची माहिती चोरांच्या हाती लागली आणि त्यात युद्धाने, आपत्तीने घरच्यांपासून तुटलेली माणसं होती. इतक्या मोठ्या संस्थेचं हे झालं. म्हणून जे लागत नाही ते गोळाच करू नका. गैरहजेरीसाठी जन्मतारीख, पत्ता, फोटो काहीही लागत नाही. आणि ते व्हॉट्सॲपवरचे हजेरीचे फोटो कुणाकुणाच्या फोनमध्ये पडून आहेत ते आजच पाहा. पालकांना विचारलंय का?

पाटीपेन्सिल | गुरुवार, रात्री ९.१५

पालकांना विचारलेलं नाही. हे डोक्यातच आलं नव्हतं. गटात ४३ जण आहेत, त्यातले सहा संस्था सोडून गेलेत आणि अजून गटात आहेत. आत्ताच त्यांना काढलं.

आता माझी खरी पंचाईत. हे सगळं जवळपास फुकटात होतंय. मग निधीचं काय सांगू? देणगीदाराला काहीतरी दिसायला हवं.

दुर्बीण | गुरुवार, रात्री १०.००

फुकट फक्त परवाना असतो. ताईंचं प्रशिक्षण, तेही एकदाच नाही तर तीन महिन्यांनी पुन्हा. ज्यांच्याकडे चालणारा फोन नाही त्यांना फोन आणि सगळ्यांना डेटा. शुक्रवारच्या कामाचा त्यांना मोबदला, कारण ते जास्तीचं काम आहे. आणि सोमवारी फोन करणाऱ्या माणसाचा अर्धा दिवस. हा शेवटचा खर्च सगळ्यात महत्त्वाचा. यादी आली आणि फोनच गेला नाही तर तुम्ही पुन्हा तिथेच. देणगीदाराला ती अंगठ्याची हकीकत मुलीचं नाव न घेता सांगा. आलेखापेक्षा त्यातून त्यांना जास्त कळेल.

रिकामा_रकाना | गुरुवार, रात्री १०.२०

देणगीदाराशी आधी बोलून घ्या आणि लेखी होकार घ्या. 'तंत्रज्ञान' या शीर्षकाखाली माणसाचा पगार बसत नाही असं म्हणणारे असतात. आम्हाला हा खर्च नंतर नामंजूर झाला होता. आणि माहितीची प्रत दर महिन्याला सीएसव्हीत (कोणत्याही तक्त्यात उघडणारी साधी फाइल) उतरवून वेगळ्या जागी ठेवा, साधन उद्या बदललं तरी अडायला नको. सिव्हीसीआरएमचा आग्रह मागे घेतो. तुमचं दुखणं वेगळं आहे.

उंबरठा | शुक्रवार, सकाळी १०.००

भाचा म्हणतोय तो ओडीकेचे फॉर्म बनवून देईल. पैसे नको म्हणतोय.

पाटीपेन्सिल | मंगळवार, रात्री ८.४५

बैठक झाली. सगळी केंद्रं एकदम नकोत, चार केंद्रांवर तीन महिने करून बघा असं ठरलं. देणगीदाराचा होकार ईमेलवर आला, फोन करणाऱ्या माणसाच्या खर्चासकट. पालकांसाठी एका पानाचं संमतिपत्र उद्या लिहायला घेते. उंबरठा, तुमच्या भाच्याला व्यनि केलाय, पण फॉर्म आमच्यातल्या दोघींना शिकवायचा ही अट घातली आहे.

त्या केंद्राच्या ताईंना आज भेटले. फोटो दाखवले. त्या बराच वेळ स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसल्या. चूक त्यांची नव्हती हे मी तीन-चारदा सांगितलं. मग त्यांनीच एक विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही: यादीत नाव आलं, आम्ही फोन केला आणि मुलाच्या घरचे म्हणाले की आता पाठवणार नाही, तर पुढे काय? त्यासाठी फॉर्ममध्ये रकाना ठेवायचा का?

कोरी_वही | मंगळवार, रात्री ९.३०

रकाना ठेवा, पण एवढाच: 'घरी कोण जाणार' आणि 'कधी'. आधी ताईंनाच विचारा, त्या घराशी कुणाचं बोलणं आहे. बऱ्याचदा त्यांना माहीत असतं.