जपानच्या बंद पडलेल्या 'क्यूको' गाड्या: कुणी प्रवास केलाय का?

घाटवाट:
शिन्कान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, कौतुक जपानी रेल्वेप्रेमींना आहेच, पण जीव अडकलेला दिसतो तो जुन्या 'क्यूको' गाड्यांत. म्हणजे लोकलच्या वरची, 'तोक्क्यू' या वरच्या दर्जाच्या महाग एक्सप्रेसच्या खालची, तिकिटावर थोडा जादा आकार घेणारी एक्सप्रेस. मार्च २०१६ मध्ये आओमोरी-साप्पोरो 'हामानासु' ही रात्रगाडी बंद झाली आणि जेआरच्या (जपानच्या मुख्य रेल्वे कंपन्यांच्या) रोजच्या क्यूको संपल्या, एवढं वाचलंय. या सगळ्या गाड्या गेल्या कुठे? आणि हळहळ नेमकी कशाची?

ओकायामाकर:
नव्वदच्या दशकात नोकरीनिमित्त ओकायामात होतो. माझी गाडी 'साक्यू', ओकायामा ते तोत्तोरी. त्सुयामा या मधल्या शहरापर्यंत त्सुयामा मार्ग, पुढे इनबी मार्गाने डोंगर ओलांडून. किहा-५८ घराण्याचे डिझेल डबे, खिडकी वर सरकवली की भातखाचरांचा वास थेट आत. एकेरी रुळावर तेव्हाही टॅब्लेट पद्धत होती, म्हणजे टप्प्यात शिरायचा परवाना म्हणून कड्यात अडकवलेली धातूची चकती; ती हातात असेल तरच गाडी पुढे. मिमासाका-कावाईसारख्या छोट्या स्टेशनात साक्यू थांबायची नाही, फक्त वेग कमी करायची. कर्मचारी मागच्या टप्प्याचं कडं फलाटावरच्या खांबात टाकायचा आणि पुढच्या टप्प्याचं कडं हाताने उचलायचा. मी ते बघायला मुद्दाम पुढच्या डब्यात बसायचो. इतकं नेमकं, निगुतीचं काम मी रेल्वेत दुसरं पाहिलेलं नाही.

नोव्हेंबर १९९७ मध्ये साक्यू गेली. तिच्या जागी 'इनाबा' ही तोक्क्यू आली, पण ती कामिगोरीवरून नव्या चिझू मार्गाने जाते. ओकायामा-तोत्तोरी प्रवास सुधारला, हे मान्यच. त्सुयामा मात्र त्या वाटेवरून पुसलं गेलं. त्याच्या वाट्याला उरली 'त्सुयामा' नावाची छोटी क्यूको, फक्त ओकायामापर्यंत. दिवसा रोज धावणारी जेआरची ती शेवटची क्यूको, मार्च २००९ मध्ये तीही थांबली. त्या वेळांना आता 'कोतोबुकी' ही जलद गाडी आहे, जादा आकार नाही.

म्हणजे काही गाड्या बढती मिळून महागल्या, काही उतरून जलद लोकल झाल्या, आणि बऱ्याच ठिकाणी प्रवासी महामार्गावरच्या बसने नेले. मला हळहळ वाटते ती मधल्या गावांची. डोंगरातल्या माणसाला परवडेल अशी, गाडी न बदलता लांब नेणारी गाडी गेली. आज त्सुयामा-चिझू पट्ट्यात लोकलच्या फेऱ्या बोटांवर मोजण्याएवढ्या आहेत.

रात्रपाळी:
हामानासु १३ मार्च १९८८ ला सुरू झाली, होन्शू आणि होक्काइदो बेटांना जोडणारा समुद्राखालचा सेइकान बोगदा उघडला आणि तिथली रेल्वेची फेरी बोट थांबली त्याच दिवशी. तिचा गालिचाचा डबा विसरणार नाही. बर्थचे पैसे न भरता, आरक्षित आसनाच्या दरात, पाय पसरून झोपायचं. मध्यरात्री हाकोदातेला इंजिन बदलून गाडी उलट दिशेने निघायची. होक्काइदो शिन्कान्सेनसाठी बोगद्यातला विजेचा दाब २० वरून २५ हजार व्होल्ट केला, मग जुनी इंजिनं तिथे चालेनात.

घाटवाट:
दोघांचे आभार. किहा-५८ अजून कुठे बघायला मिळेल?

ओकायामाकर:
त्सुयामालाच जा. १९३६ चं, १७ रुळांचं पंख्याच्या आकाराचं इंजिनघर आणि टर्नटेबल (इंजिन फिरवायची चकती) संग्रहालय म्हणून जपलंय, तिथे किहा-५८ आणि किहा-२८ दोन्ही उभे आहेत. ओकायामाहून कोतोबुकीने जा, म्हणजे निदान तेवढा मार्ग साक्यूचाच असेल. संग्रहालयाचा सुटीचा वार आधी बघून घ्या.