मदत हवी आहे : लसी पूर्ण व्हायच्या आधी मोठ्या जातीच्या पिल्लाला बाहेर न्यावं का?

जर्मन शेफर्ड, नर, वय नऊ आठवडे, वजन साडेसात किलो. कोल्हापुरात राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट नाही. घरात सात वर्षांची मुलगी आहे. पार्वो-डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजारांवरच्या लसीचा पहिला डोस आठव्या आठवड्यात झाला. पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, म्हणजे सगळं संपेपर्यंत तो चार महिन्यांचा होणार. तोवर घराबाहेर काढू नका असं सगळे सांगतात. पण गणपती पाच आठवड्यांवर आलेत आणि हा कुकरच्या शिट्टीलाही सोफ्याखाली शिरतो. मुलगी पळाली की तिच्या पोटऱ्या धरतो. हाडं मजबूत व्हावीत म्हणून कॅल्शियमचं सिरप चालू करा, असंही एकांनी सुचवलंय. कशापासून सुरुवात करू?

प्रतिसाद १

तो चार महिन्यांचा होईपर्यंत थांबू नका, ही पहिली विनंती. नवीन माणसं, आवाज, जनावरं 'आपलीच' म्हणून स्वीकारायची पिल्लाची खिडकी साधारण तिसऱ्या आठवड्यात उघडते आणि बारा ते चौदाव्या आठवड्यात मिटत जाते. तुमच्या हातात पाचेक आठवडे आहेत. पुढे पस्तीस किलोचा झालेला घाबरट शेफर्ड सावरणं फार अवघड असतं.

पार्वोची भीती मात्र खरी आहे. तो विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. म्हणून सध्या त्याला उचलून न्या, जमिनीवर ठेवू नका. भटकी कुत्री बसतात त्या जागा, कचराकोंडाळं, रंकाळ्याची चौपाटी इथे तर पाय टेकवूच नका. लस झालेल्या, शांत स्वभावाच्या ओळखीच्या कुत्र्याच्या घरी मात्र पहिल्या डोसनंतर सात दिवसांनी नेता येतं.

सकाळी गंगावेशीत दूधकट्ट्यापासून (समोरच म्हशीचं दूध काढून देतात तिथून) वीस-पंचवीस पावलं लांब उभे राहा. म्हशी, बादल्यांचा आवाज, दुचाक्या, फेटेवाले, छत्रीवाले, सगळं एकाच ठिकाणी दिसतं. खिशात बिनमिठाचं उकडलेलं चिकन ठेवा, तुकडा हरभऱ्याएवढा. म्हैस दिसली की तुकडा. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी तुकडा आणि मग म्हैस, तर काही दिवसांनी तुकडा दिसला की पिल्लू सावध होतं. दहा मिनिटं पुरतात. कान मागे गेले, शेपूट पोटाखाली गेली, झोप नसताना जांभया येताहेत किंवा चिकन नाकारतंय, तर आपण फार जवळ आलोय असं समजून मागे या. "सवय होईल" म्हणून तिथेच धरून ठेवलं तर भीतीच पक्की होते.

आवाजासाठी मोबाईलवर ढोल-ताशा, हलगी, फटाके यांचं रेकॉर्डिंग जेवणाच्या वेळी लावा. सुरुवातीला इतकं बारीक की त्याने मानही वर करू नये. दोन-तीन दिवस निवांत जेवला तरच आवाज एक घर वाढवा. गडबड केली की सगळं पहिल्यापासून. कुकरचंही तसंच : आधी शेजारच्या खोलीत, दार लावून.

धागाकर्ता

आभारी आहे. चावण्याचं काय? हात झटकला की तो आणखी जोरात धरतो. मुलगी आता घाबरायला लागलीय.

प्रतिसाद २

ताई, झटकलेला हात आणि पळणारा पाय ही त्याच्या दृष्टीने शिकार आहे. शेफर्ड मुळात मेंढ्या राखणारी जात, पळत्या टाचेमागे धावणं रक्तातच असतं. दात लागले की हात सैल सोडा, खेळ थांबवा, तीस सेकंद पाठ फिरवा. मग चघळायला दोरीचं खेळणं द्या. मुलीला 'झाड हो' हा खेळ शिकवा : हात छातीशी, नजर वर, जागेवर उभं. दोघांना एकटं सोडू नका. संध्याकाळी चावणं अनावर होत असेल तर पिल्लू थकलेलं असतं. या वयात दिवसाला अठरा-वीस तास झोप लागते, तेव्हा त्याला त्याच्या कोपऱ्यात झोपवा. नाकावर मारू नका. त्यातून तो फक्त हाताला भ्यायला शिकेल.

जुनी कोल्हापुरी चप्पल चघळायला देऊ नका. जुनी आणि नवी यातला फरक त्याला कळत नाही, कातड्याचा वास तोच.

कॅल्शियमचं सिरप नको. लहान पिल्लाच्या आतड्याला जादाचं कॅल्शियम अडवता येत नाही, आणि मोठ्या जातीत त्यामुळे हाडं-सांध्यांची वाढ बिघडते. 'लार्ज ब्रीड पपी' लिहिलेलं खाद्य देत असाल तर त्यात हवं तेवढं असतंच. घरचा भात-चिकन देत असाल तर प्रमाण पशुवैद्यांकडून ठरवून घ्या. पांढऱ्या रश्श्यातली हाडं कधीच नकोत. शिजलेल्या हाडाच्या कपच्या आतड्यात रुततात आणि रश्श्यातला कांदा-लसूण कुत्र्याला विषारी.

फरशी गुळगुळीत असेल तर खेळायच्या जागी रबरी मॅट किंवा पोती अंथरा, पाय फाकले की खुब्यावर ताण येतो. जिना सध्या तुम्हीच उचलून उतरवा. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली.

धागाकर्ता

विसर्जनाच्या दिवशी?

प्रतिसाद १

मिरवणूक दाखवायला नेऊ नका. डॉल्बीचा आवाज तयारी झालेल्या पिल्लालाही झेपत नाही. रस्त्यापासून आतली खोली, खिडक्या बंद, पंखा चालू, लपायला पलंगाखालची जागा मोकळी. दुपारीच शी-शू उरकून घ्या. जवळ आला तर खुशाल कुरवाळा, त्याने भीती वाढत नाही.