शेवाळाच्या कॅप्सूल नानांना द्यायच्या का?

शरूआत्या: ते फॉरवर्ड वाचलंत का? समुद्री शेवाळाने विसरभोळेपणा थांबतो म्हणे. मी दोन बाटल्या मागवल्यासुद्धा, एक नानांना, एक मला.

नाना: मी विसरभोळा नाही. चष्मा डोक्यावर होता, एवढंच.

मुग्धा: आत्या, बाटली उघडू नकोस अजून.

बंडूकाका: आल्या फार्मसीवाल्या बाई! अगं, निसर्गातलं आहे, अपाय कसला होतोय?

मुग्धा: काका, कायनिक आम्लसुद्धा निसर्गातलंच. जपानमध्ये एक लाल समुद्री शेवाळ जंतांवर औषध म्हणून द्यायचे, १९५३ साली त्यातूनच हे वेगळं काढलं. आता प्रयोगशाळेत ते उंदरांना टोचतात. कशाला, तर फिट आणायला. मेंदूच्या पेशी मरतात त्याने.

बंडूकाका: 😳

मुग्धा: खायचं शेवाळ विषारी असतं असं नाही हं. तपकिरी शेवाळातल्या फ्युकॉइडान, फ्युकोझँथिन या घटकांवर खरंच काम चाललंय, पेशींवर आणि उंदरांवर परिणाम चांगले दिसलेत. पण ‘स्मृतिभ्रंश थांबतो’ हे माणसांत सिद्ध झालेलं नाही.

निखिल: चीनने अल्झायमरवर औषध काढलं होतं ना शेवाळापासून?

मुग्धा: जीव्ही-९७१. २०१९ मध्ये मंजुरी मिळाली, तीही सशर्त. इतर देशांतली मोठी चाचणी २०२२ मध्ये अर्ध्यावरच बंद केली.

शरूआत्या: बरं, उपयोग नाही तर नाही. तोटा तर नाही ना?

मुग्धा: तुला आहे. थायरॉइडची गोळी चालू आहे ना? शेवाळातलं आयोडीन जास्त झालं तर थायरॉइड बिघडू शकतं. बाटलीवर आयोडीन किती लिहिलंय बघ.

शरूआत्या: थांब, भिंग आणते.

शरूआत्या: ‘केल्प पावडर ५०० मि.ग्रॅ.’ आयोडीनचं नावच नाही गं कुठे.

मुग्धा: तेच तर! मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं. केल्प म्हणजे तपकिरी समुद्री शेवाळच, त्याच्या एका ग्रॅममध्ये हजाराच्या वर असू शकतं. सुशीला गुंडाळतात त्या नोरी शेवाळात तेवढं नसतं, पण तुझ्या बाटलीत नोरी नाही. आणि नानांची रक्त पातळ करायची गोळी आहे. फ्युकॉइडानचाही तसाच गुण प्रयोगांत दिसलाय.

शरूआत्या: बाई गं. परत करते दोन्ही. पण एकीचं सील काल रात्रीच नानांनी…

नाना: एकच घेतली. की दोन?

मुग्धा: नाना, बाटली आत्याकडे द्या. मी डॉक्टरांना फोन लावते.