मदत हवी आहे: दहावीच्या वर्गात जात आणि आरक्षणावर चर्चा कशी घ्यावी?

मुंबईतला मराठी माध्यमाचा वर्ग, ५५ मुलं, ३५ मिनिटांचा तास, विषय राज्यशास्त्र. सध्याचा आराखडा असा: पहिली ५ मिनिटं प्रत्येकाने नाव न घालता चिठ्ठीवर एक प्रश्न लिहायचा. मग १० मिनिटं वाचन: संविधानातली कलम १७ (अस्पृश्यता बंदी) आणि १५(४) (मागास वर्गांसाठी विशेष तरतुदी), सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातली आरक्षणावरची ५० टक्क्यांची मर्यादा, २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आलेलं आर्थिक दुर्बल घटकांचं १० टक्के आरक्षण. उरलेल्या वेळात पाच-पाचांचे गट आणि चिठ्ठ्यांना उत्तरं.

'बाजूने-विरोधात' असा वाद मुद्दाम टाळलाय, कारण त्यात समोर बसलेल्या मुलाचा हक्कच पणाला लागतो. तरी गाडी अडते. अकरावीच्या कटऑफचा विषय निघाला की माना ठरावीक बाकांकडे वळतात. आडनावं सगळ्यांना माहीत असतात. "आता कोण जात मानतं?" असं कोणी म्हटलं की ज्यांनी भोगलंय ती मुलं गप्प होतात. त्यांनाच अनुभव सांगायला लावणं तर अन्यायच.

अशा वेळी नेमकं काय बोलायचं? चर्चा थांबवायची की वाचनाकडे परत न्यायची? आणि निवडणुकीच्या दिवसांत पक्षांची नावं फळ्यावर घ्यायची का? जाहीरनाम्यांतले उतारे नाव झाकून द्यावेत असं वाटतं, पण मुलं भाषेवरून पक्ष लगेच ओळखतील. कोणी हे केलं असेल तर वेळेची विभागणी आणि वापरलेली वाक्यं जशीच्या तशी सांगा.