डिस्चार्ज गुरुवारी म्हणतात, पण भाऊ खरंच तयार आहे का? मदत हवी आहे (नागपूर)

लहान भाऊ, वय ३४, बायपोलर (मूड टोकाचा चढण्या-उतरण्याचा आजार). एप्रिलमध्ये झोप उडाली आणि तर्री-पोह्यांची पाच दुकानं टाकायची म्हणून पाच हातगाड्यांचा बयाणा देऊन आला. (अकाउंटंट आहे. पोहे खातही नाही.) खासगी दवाखान्यात माझ्या सहीने भरती केलं, आज १९वा दिवस. लिथियम आणि ओलान्झापिन चालू आहे.

राउंडला डॉक्टर विचारतात, झोप? भूक? विचार धावतात का? तो व्यवस्थित उत्तरं देतो. परवा संध्याकाळी मला म्हणाला, "ताई, काय विचारतात ते पाठ होऊन गेलं मले." तेव्हापासून माझी झोप गेली.

रविवारी काही तास घरी सोडलं होतं. कूलरची टाकी घासली, नव्या ताट्या बसवल्या. हे तो दरवर्षी करतो. मग पक्कड घेऊन न सांगता शेजारच्या काकूंकडे, त्यांचाही कूलर करायला. आता हा आजार की मे महिन्यातला कुठलाही नागपूरकर?

काका म्हणतात, महिना भरून काढा. डॉक्टर म्हणाले, २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा भरतीला ३० दिवस ही कमाल मर्यादा आहे, गरज संपली की घरच्यांना भीती वाटते म्हणून ठेवता येत नाही. पटतं. पण गुरुवारच्या आत नेमकं काय विचारू?

प्रतिसाद – रामटेककर

आईच्या तीन भरत्या पाहिल्यात. राउंडची दोन मिनिटं सोडा, रात्रपाळीच्या सिस्टरना विचारा. आई "छान झोपले" सांगायची आणि तक्त्यात तीन तास असायचे. गोळ्या वेळ झाली की स्वतः मागतो, की हातावर ठेवाव्या लागतात, तेही त्यांनाच माहीत.

कूलरचं डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. काकूंनी नको म्हटल्यावर तो थांबला का? माझ्या मते खरी गोष्ट तिथे आहे.

त्याच कायद्याचं कलम ९८ बघा. सुट्टीआधी पेशंट, नामनिर्देशित प्रतिनिधी (पेशंटच्या बाजूने निर्णयात साथ देणारा माणूस; सही तुमची, म्हणजे बहुधा तुम्हीच) आणि पुढे बघणारे डॉक्टर यांच्याशी बोलून पुढचे उपचार ठरवायचे असतात. तेव्हा वेगळी वेळ मागा, पुढची तारीख आठवड्याच्या आतली घ्या.

रक्तातली लिथियमची पातळी किती आली ते आकड्यात विचारा. आपल्याकडच्या उन्हात घाम गेला, पाणी कमी पडलं की ती चढते. डोकं दुखलं म्हणून ब्रुफेन देऊ नका. हात फार थरथरले, उलट्या-जुलाब झाले, झोक गेला तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. रात्री बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.

आणि ताई, एवढ्या लिहिण्यात त्याला स्वतःला काय वाटतं ते कुठेच नाही.

धागाकर्ती

खरंय, विचारलंच नव्हतं. आज विचारलं. म्हणाला, पहिली खूण म्हणजे पहाटे तीनला चहा ठेवतो. एप्रिलभर मी तो चहा प्यायले, म्हटलं शिस्त लागली पोराला.

काकूंचं विचारलं. त्यांनी नको म्हटल्यावर पक्कड तिथेच ठेवून परत आला होता.

लिथियमचं रक्त उद्या. रात्रीची गोळी नऊला असते, म्हणजे बारा तासांनी, सकाळी नऊला द्यायचं ना? आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावरच?